ठेवलेलं सापडावं म्हणून
(प्रस्तावना)

जून उजाडला की छत्रपती संभाजीनगर शहरातल्या सेवा केंद्रांपुढे आणि झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांगा लागतात. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, प्रवेशाच्या तारखा डोक्यावर आलेल्या असतात, आणि फुलंब्री, पैठण, कन्नडहून सकाळच्या एसटीनं आलेले आईवडील प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून उभे असतात. पिशवीत रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल. काउंटरच्या पलीकडे बसलेल्या मुलाला किंवा मुलीला त्या क्षणी एकच काम करायचं असतं. परवा स्कॅन करून ठेवलेली फाईल उघडायची आणि पोर्टलवर चढवायची. ती फाईल डेस्कटॉपवरच कुठंतरी आहे. पण पडदा या कडेपासून त्या कडेपर्यंत आयकॉननी भरलेला आहे, त्यात 'न्यू फोल्डर' आहे, 'न्यू फोल्डर २' आहे, 'स्कॅन०००१' ते 'स्कॅन००४०' आहेत, 'फायनल' आणि 'फायनल नवीन' आहे. माउसचा बाण वरून खाली आणि खालून वर फिरत राहतो. मागून आवाज येतो, "ताई, परवाच तर दिलं होतं तुमच्याकडं."

ही पुस्तिका काउंटरच्या पलीकडच्या त्या मुला-मुलींसाठी लिहिली आहे. हीच अडचण औरंगपुऱ्यात पुस्तकांची आणि पत्रिकांची जुळणी करणाऱ्याची आहे, खंडपीठातल्या वकिलांचे अर्ज टाइप करणाऱ्याची आहे, वाळूजच्या एखाद्या लहान कारखान्यात चलनं आणि बिलं बनवणाऱ्याची आहे, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या त्या शिक्षकाची आहे, ज्याच्या अंगावर शाळेचं सगळं ऑनलाइन काम पडलं आहे. ही माणसं दिवसाचे आठ-दहा तास संगणकापुढे असतात. संगणकाविषयीच्या मराठी पुस्तकांत त्यांना वर्ड, एक्सेल, टॅली शिकवलेलं असतं. स्वतः ठेवलेली वस्तू परत कशी शोधायची, याबद्दल मात्र बहुतेक ठिकाणी एखादं पान असतं किंवा तेही नसतं.

प्रथम एक गैरसमज बाजूला करतो. भरलेला डेस्कटॉप हे आळशीपणाचं लक्षण आहे, असं सरसकट मानलं जातं. ते मला मान्य नाही. १९८३ मध्ये थॉमस मालोन या अमेरिकन संशोधकानं कार्यालयांत काम करणाऱ्यांच्या टेबलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींचे कागद नीट लावलेले, काहींच्या टेबलावर नुसते ढीग. त्याच्या लक्षात आलं की माणूस कागद समोर ठेवतो तो फक्त सापडावा म्हणून ठेवत नाही, कामाची आठवण राहावी म्हणूनही ठेवतो. डोळ्यांसमोरून कागद गेला की काम विसरलं जाईल, ही भीती खरी असते. पुढं १९९५ मध्ये डेबोरा बॅरो आणि बॉनी नार्डी यांनी संगणकावरच्या फायलींबाबत लिहिताना जवळपास हेच नोंदवलं. फाईल शोधायची वेळ आली की लोक आधी ती जिथं ठेवल्याचं आठवतं तिथं जाऊन पाहतात, शोधपेटीत नाव टाकतात ते तिथं हाती न लागल्यावर. म्हणजे काउंटरवरची ताई पडदा भरून ठेवते तेव्हा ती आपल्या अपुऱ्या कामांची यादीच समोर मांडत असते. तिला 'डेस्कटॉप साफ ठेवा' असं सांगणं म्हणजे ती यादी फाडून टाका असं सांगणं आहे. विंडोज एक्सपीमध्ये अशी सफाई आपोआप करणारी एक सोय होती. दर साठ दिवसांनी ती न वापरलेले शॉर्टकट गोळा करून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकण्याबद्दल विचारायची. ज्यांनी ती वापरली त्यांना आठवत असेल की 'नको' हेच बटण बहुतेक वेळा दाबलं जायचं. कुठलं काम संपलंय आणि कुठलं राहिलंय, हे यंत्राला कसं कळणार?

खरी अडचण पुढं सुरू होते. काम संपतं, दाखला मिळतो, माणूस गावी जातो, पण त्याची फाईल पडद्यावर तशीच राहते. अशा शंभर संपलेल्या कामांखाली न संपलेली पाच कामं गाडली जातात, आणि मग आठवण राहावी म्हणून समोर ठेवलेलंच विसरलं जातं. म्हणून या पुस्तिकेत सफाईचा एकच नियम आहे. काम पूर्ण झालं की त्याच दिवशी फाईल डेस्कटॉपवरून हलवायची. अपुऱ्या कामाची फाईल समोर कितीही दिवस राहो, तिला हात लावायचा नाही.

हलवायची कुठं, हे कळायला डेस्कटॉप म्हणजे नक्की काय हे माहीत हवं. टेबलावर कागद पसरावेत तसा पडदा मांडण्याची कल्पना बाजारात पहिल्यांदा आली ती १९८१ मध्ये, 'स्टार' नावाच्या संगणकातून. ज्या कंपनीच्या नावानं आपण छायाप्रतीला झेरॉक्स म्हणतो, तिचाच तो संगणक. १९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशनं ती कल्पना घराघरात नेली आणि १९९५ च्या विंडोजनं आपल्याकडच्या दुकानांत. पडद्यामागं मात्र टेबल वगैरे काही नसतं. डेस्कटॉप हे सी ड्राइव्हमधलं, वापरणाऱ्याच्या नावाखालचं एक साधं फोल्डर आहे. ही एक गोष्ट कळली की बऱ्याच दुर्घटना टळतात. आपल्याकडं विंडोज बिघडलं की कारागीर येतो आणि 'फॉरमॅट मारावं लागेल' म्हणतो. तो सी ड्राइव्ह पुसतो. डी ड्राइव्ह तसाच राहतो. 'महत्त्वाचं डीमध्ये ठेव' हा सल्ला प्रत्येक दुकानात ऐकू येतो तो याच अनुभवातून. पण रोजच्या हाताखालच्या फायली डेस्कटॉपवर, म्हणजे सीमध्येच असतात, आणि नेमक्या त्याच जातात. म्हणून संपलेल्या कामाची फाईल हलवायची ती डीमध्ये. दुसरा गोंधळ वनड्राइव्हचा. नव्या विंडोजमध्ये खातं जोडताना होकार दिला गेला की डेस्कटॉपचं फोल्डर वनड्राइव्हच्या आत सरकतं. मग कुणी ते खातं काढलं की पडदा रिकामा दिसतो आणि पोटात गोळा येतो. फायली बहुतेक वेळा गेलेल्या नसतात, जागा बदललेली असते.

आता लगेच उपयोगी पडणारं सांगतो. पुढच्या प्रकरणांत हे सविस्तर आहे, पण रांग उभी असताना सगळं पुस्तक वाचायला कुणाला सवड असते?

विंडोजची खूण असलेली की आणि डी एकदम दाबा, उघड्या सगळ्या खिडक्या खाली बसतात आणि डेस्कटॉप समोर येतो. मोकळ्या जागी एक क्लिक करा आणि फाईलच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं झटपट टाइप करा. निवड थेट त्या आयकॉनवर जाऊन बसते. माउस फिरवावाच लागत नाही. ही सोय खूप जुनी आहे आणि ती माहीत असलेली माणसं फार थोडी भेटतात. मात्र ती नावाच्या सुरुवातीवर चालते. सगळ्या फायली 'न्यू' किंवा 'कॉपी'नं सुरू होत असतील तर तिचा काही उपयोग नाही. नावाचा पहिला शब्दच वेगळा असावा, हा आग्रह पुढं वारंवार येईल तो यामुळं.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची आहे. डेस्कटॉप आयकॉनच्या रूपात पाहू नका, फाईल एक्सप्लोररमध्ये फोल्डर म्हणून उघडा आणि 'डिटेल्स' निवडा. दोनशे आयकॉनची गर्दी एका उभ्या यादीत येते. तारखेच्या स्तंभावर टिचकी मारली की परवाची फाईल परवाच्या जागी येऊन बसते. जपानचे अर्थतज्ज्ञ नोगुची युकिओ यांनी १९९३ मध्ये कागदांसाठी अशीच पद्धत मांडली होती. विषयवार लावत बसायचं नाही, प्रत्येक कामाचं पाकीट करायचं, आणि जे पाकीट वापरलं ते परत ठेवताना रांगेच्या एका टोकाला ठेवायचं. काही दिवसांत वापरातली पाकिटं एका बाजूला जमतात आणि न लागणारी आपोआप दुसऱ्या बाजूला सरकतात. संगणक हेच काम एका टिचकीत करतो. फक्त एक खाचखळगा सांभाळा. पेनड्राइव्हवरून उतरवलेल्या फाईलला 'डेट मॉडिफाइड' जुनीच राहते. गिऱ्हाइकानं गेल्या वर्षी केलेली फाईल तुम्ही आज घेतली, तरी ती यादीत गेल्या वर्षीच्या तळाशी जाऊन बसते. अशा वेळी 'डेट क्रिएटेड' हा स्तंभ उघडा, तिथं आजची तारीख सापडेल. 'अहो, आत्ताच कॉपी केली आणि गायब झाली' या तक्रारीमागं पुष्कळदा एवढंच असतं.

तिसरं साधन शोधपेटी. स्टार्टमधला शोध डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, चित्रं यांची सूची आधीपासून करून ठेवतो, म्हणून तिथं तो झटकन चालतो. डी ड्राइव्ह त्या सूचीत मुळात नसतो. सेटिंगमध्ये जाऊन शोधाचा प्रकार 'क्लासिक'ऐवजी 'एन्हान्स्ड' केला तर सगळा संगणक सूचीत येतो. ज्यांचा सारा साठा डीमध्ये आहे त्यांना मी मात्र 'एव्हरीथिंग' हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर घ्यायला सांगतो. डिस्कवर कुठली फाईल कुठं आहे याची विंडोजची जी स्वतःची नोंदवही असते, तीच ते वाचतं. त्यामुळं लाखो नावांतूनही टाइप करता करता उत्तर येतं. ते डीफॉल्टनं फायलींच्या पोटात शिरत नाही, फक्त नावं पाहतं. आणि आपली गाडी तिथंच अडते, कारण नावंच धड दिलेली नसतात.

या पुस्तिकेचा गाभा हाच आहे. शोधण्याचं निम्म्याहून अधिक काम ठेवताना होतं, नाव देण्याच्या त्या पाच सेकंदांत. आणि आपल्या कामातली नावं मराठी आहेत, मराठवाड्यातली आहेत, त्यामुळं दुसरीकडच्या पुस्तकांतल्या सूचना इथं पुऱ्या पडत नाहीत.

सातबाऱ्याचंच पाहा. कागदावर आपण तो '७/१२' असा लिहितो. विंडोजमध्ये फाईलच्या नावात तिरपी रेघ चालत नाही. अशी नऊ चिन्हं वर्ज्य आहेत, तिरपी रेघ त्यांतलं एक. मग एक जण '७-१२' लिहितो, दुसरा '७_१२', तिसरा नुसतंच '७१२', चौथा मराठीत 'सातबारा', पाचवा तेच रोमन अक्षरांत. एकाच दुकानात सकाळच्या पाळीची मुलगी एक नाव देते, संध्याकाळचा मुलगा दुसरं. संगणक अर्थ जाणत नाही, अक्षरं जुळवतो. 'सातबारा' शोधला की '७-१२' त्याला दिसत नाही. गट नंबर '४५/२' असेल तर पुन्हा तोच प्रश्न. उपाय अवघड नाही, पण तो दुकानातल्या सगळ्यांनी मिळून करायचा आहे. एक कागद घ्या, रोज लागणारे पंधरा-वीस दस्तऐवज लिहून काढा, प्रत्येकाला एकच नाव ठरवा, आणि तो कागद मॉनिटरशेजारी चिकटवा. सातबाऱ्याला 'सातबारा', आठ-अला '८अ', उत्पन्नाच्या दाखल्याला 'उत्पन्न', नॉन-क्रिमिलेयरला 'एनसीएल'. कुठलं नाव निवडता याला महत्त्व नाही. सगळ्यांचं एकच असायला हवं.

तारखेचंही तसंच. आपण दिवस आधी लिहितो, मग महिना, मग वर्ष. नावानुसार लावलं की १ जानेवारी, १ फेब्रुवारी, १ मार्च असं सगळ्या महिन्यांचं एकत्र येतं आणि क्रम विस्कटतो. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, असं लिहिलं तर नावाचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. १९८८ पासून हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण त्याचं उत्तम उदाहरण आपल्या शिक्षकांच्या डेस्कटॉपवर आधीच पडलेलं आहे. शासन निर्णय उतरवून घेतला की फाईलचं नाव म्हणून एक लांबलचक आकडा येतो. पुष्कळांना तो निरर्थक वाटतो. तो शासन निर्णयाचा सांकेतांक असतो आणि त्याची सुरुवातच वर्ष, महिना, दिवस अशी होते. तो पुसून 'जीआर नवीन' असं नाव देणाऱ्याला माझी विनंती आहे की आकडा राहू द्या, त्याच्यापुढं विषयाचे दोन शब्द जोडा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या कागदांच्या नावातही तारीख याच क्रमानं असते. गिऱ्हाइकाला 'तुम्ही कधी पाठवलं होतं?' एवढं विचारलं तरी त्या आकड्यांवरून फाईल हाती लागते.

गावाच्या नावाचा प्रश्न आपल्या शहरात जितका गुंतागुंतीचा आहे तितका क्वचितच कुठं असेल. २४ फेब्रुवारी २०२३ ला शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिल्हा, तालुका आणि विभागाचंही झालं. त्यामुळं एकाच कुटुंबाच्या कागदांत वडिलांचा दाखला औरंगाबादचा, मुलीचा छत्रपती संभाजीनगरचा. लघुरूपं आणखी वेगळी. जे जुनं आहे त्याची नावं बदलत बसू नका, असं माझं मत आहे. कागदावर जे छापलं आहे तेच फाईलला राहू द्या, पुढं तोच पुरावा लागतो. शोधताना दोन्ही नावं टाका. 'एव्हरीथिंग'मध्ये दोन शब्दांमध्ये उभी रेघ दिली की यातलं एक किंवा दुसरं, असा अर्थ होतो. विद्यापीठाच्या कागदांना ही सवय जुनीच आहे. १९५८ ला स्थापन झालेलं मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं, आणि गुणपत्रिका दोन्ही नावांच्या येतात. इतिहासाच्या अभ्यासकाला तर आणखी मागं जावं लागतं. मलिक अंबरनं १६१० मध्ये वसवलेलं खडकी, मग फत्तेनगर, मग १६५३ पासून औरंगाबाद. ज्याला फक्त एकच नाव माहीत आहे त्याला निम्मे कागद सापडणारच नाहीत. या सगळ्यात न बदललेलं काय, तर आकडे. पिनकोड ४३१००१ तोच आहे, गाड्यांवरचं एमएच २० तेच आहे, गावचा गट नंबर तोच आहे. जिथं शक्य तिथं नावाबरोबर असा एखादा आकडा घाला.

आडनावं रोमन लिपीत लिहिण्याच्या सवयीनं तर पुष्कळ नुकसान केलं आहे. 'शेख' कुणी ए-आय घालून लिहितं, कुणी ई-आय, कुणी नुसत्या ई-नं. 'जाधव'च्या शेवटी कुणी व्ही लिहितं, कुणी ओ. 'चौधरी'च्या तर किती तऱ्हा आहेत ते काउंटरवर बसणाऱ्यालाच विचारा. देवनागरीत हे प्रश्न बरेच मिटतात, म्हणून व्यक्तींची आणि गावांची नावं देवनागरीतच लिहावीत, असं मी सुचवतो. 'जाधव-वैजापूर-उत्पन्न-२०२४-०६-१२' असं नाव वाचायला सोपं आणि शोधायलाही. देवनागरीतही काही सापळे आहेत, ते माहीत असले की पुरे. मराठी २ आणि इंग्रजी दोन हे संगणकाला दोन वेगळे अंक आहेत, तेव्हा आकडे कुठल्या लिपीतले ते एकदाच ठरवा. 'ॲफिडेव्हिट' हा शब्द वकिलांच्या टायपिस्टला दिवसभर लागतो. त्यातला 'ॲ' २००८ मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्याआधी आणि अजूनही कित्येक कळफलकांवर तो 'अ'ला वरची चंद्रकोर जोडून बनतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. समोर दिसणारी फाईल शोधात येत नाही तेव्हा माणूस हैराण होतो, त्यामागं हे कारण असू शकतं. फाईलला 'प्रतिज्ञापत्र' असं नाव द्यावं, प्रश्नच उरत नाही.

कागद हाती लागण्याची कला या परिसराला नवी नाही. शहरापासून पंधरा किलोमीटरवरच्या देवगिरीत तेराव्या शतकात यादवांचा मंत्री हेमाद्री 'श्रीकरणाधिप' होता, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख. कागद सांभाळणं हे मंत्र्याच्या तोलाचं काम होतं. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद कापडी रुमालांत बांधलेले. बाहेरून सगळे रुमाल सारखे. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडलेले कागद ४५ खंडांत छापले तेव्हा कुठं ते सामान्य वाचकाच्या आवाक्यात आले. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. काउंटरसमोर उभा असलेला माणूस वाचक नसेल, पण त्याची परतीची एसटी ठरलेली असते आणि त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. माझ्या लेखी त्याचा वेळ तितकाच मोलाचा.

नाव ठरवल्यावर ते न बदलण्याबद्दल दोन शब्द. अजिंठ्याच्या लेण्यांना क्रमांक दिले गेले ते जागेनुसार, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं. ९ आणि १० ही लेणी १ आणि २ पेक्षा कित्येक शतकांनी जुनी आहेत, तरी क्रमांक तसेच राहिले. नंतर ओळखल्या गेलेल्या एका लेण्याला '१५-अ' म्हटलं गेलं, पुढचे सगळे आकडे एकानं सरकवले नाहीत. सरकवले असते तर आधीच्या प्रत्येक ग्रंथातला, नकाशातला, टिपणातला संदर्भ चुकला असता. जुळणीच्या दुकानात प्रत्येक कामाला जॉब नंबर असतो. मधेच काम वाढलं तर त्याच नंबरला 'अ' लावा. वर्षाच्या शेवटी सगळं 'नीट' करण्याच्या उत्साहात नंबर बदलू नका. गिऱ्हाइकाच्या पावतीवर जुनाच नंबर आहे.

एक गोष्ट मी आग्रहानं सांगतो. डेस्कटॉप रांगेतल्या पहिल्या दोन-तीन माणसांना दिसतो. त्यावर दुसऱ्याचं आधार कार्ड, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला नावासकट पडलेला असतो. आधार क्रमांक फाईलच्या नावात कधीही घालू नये. काम झालं की गिऱ्हाइकाला विचारून ते स्कॅन पुसावेत, आणि रिसायकल बिनमधूनही पुसावेत. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. पण कायदा नसता तरी, विश्वासानं पिशवी उघडून दिलेल्या माणसाशी आपण असंच वागायला हवं.

पुस्तिकेत विंडोजवर भर आहे, कारण आपल्या काउंटरांवर तेच चालतं. मॅकमध्ये डेस्कटॉपवरच्या फायलींचे आपोआप गठ्ठे करणारी सोय २०१८ पासून आहे, तिची आणि लिनक्सची माहिती एका छोट्या प्रकरणात उरकली आहे. मोबाईलवरचा शोध या पुस्तिकेत नाही, तो स्वतंत्र विषय आहे.

शेवटचं प्रकरण जुळणीच्या दुकानांसाठी आहे आणि ते लिहिताना मला सर्वांत जास्त काळजी वाटली. १९९० च्या दशकापासून श्रीलिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरांवर मराठी प्रकाशनाचा सारा डोलारा उभा राहिला. त्यांच्याशिवाय मराठवाड्यातली कित्येक पुस्तकं, दिवाळी अंक, स्मरणिका निघाल्याच नसत्या. पण त्या काळच्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसायचं आणि आत साठायचं ते इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर. फॉन्ट काढून घेतला की त्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ दिसते. फाईलच्या नावाला हे फॉन्ट लावता येत नसत, म्हणून जुळणीकारांनी वर्षानुवर्षं रोमन नावं दिली, तीही घाईत, चार-पाच अक्षरांची. पत्रिका आणि फ्लेक्सची तऱ्हा आणखी वेगळी. कोरलमध्ये छपाईला पाठवण्याआधी मजकूर 'कर्व्ह' करतात. कर्व्ह केला की अक्षर अक्षर राहत नाही, रेषा होतं. मग त्या फाईलमध्ये 'चिरंजीव' हा शब्द डोळ्यांना दिसतो, पण शोधायला तिथं शब्दच नसतो. परिणाम असा की एखाद्या लेखकाचा सबंध कथासंग्रह दुकानाच्या संगणकात असतो, आणि त्यातलं एकही मराठी वाक्य शोधपेटीत टाकून सापडत नाही.

यावर मी दोन कामं सुचवली आहेत. पहिलं आजच करण्यासारखं आहे. प्रत्येक जुन्या कामाच्या फोल्डरमध्ये नोटपॅडची एक छोटी फाईल ठेवा आणि तिच्यात युनिकोड मराठीत पुस्तकाचं नाव, लेखक, वर्ष, विषयाचे चार शब्द लिहा. शोध त्या फाईलवर जाऊन थांबेल आणि तिच्या शेजारीच मूळ काम असेल. एका पुस्तकाला दोन मिनिटं लागतात. दुसरं काम वेळ खाणारं आहे, ते म्हणजे मूळ मजकूर युनिकोडमध्ये उतरवणं. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं, रफार आणि 'ऱ्ह', 'ऱ्य' यांच्याशी ती अडखळतात, म्हणून मुद्रितशोधन माणसानंच करावं लागतं. सगळं एकदम होणार नाही. सुरुवात कुठून करायची, हे मात्र ठरवता येतं. त्या वेळच्या काही सॉफ्टवेअरांना प्रिंटरच्या पोर्टला लावायचं हार्डवेअर लॉक लागायचं. लॉक निकामी झालं, किंवा तो जुना संगणक भंगारात गेला, की फाईल असूनही ती उघडायचा मार्ग अवघड होतो. ज्या दुकानात असा संगणक अजून चालू आहे, तिथं तो बदलण्याआधी प्रत्येक पुस्तकाची एक पीडीएफ आणि एक युनिकोड प्रत काढून घ्या. आधी ज्यांचे लेखक हयात आहेत आणि मुद्रितं तपासू शकतात त्यांची, मग बाकीची.